बिल ठेवा, नंबर काढा

पत्र: आमच्या कंपनीची साड्या आणि तयार कपड्यांची अकरा दुकानं आहेत. सहा सोलापुरात, बाकी बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, धाराशिव आणि कलबुर्गीला. मी ऑपरेशन्स बघते. नव्या डेटा कायद्याचं काम मालकांनी माझ्या गळ्यात घातलंय आणि 'दिवाळीच्या आत उरका' म्हणतात. वकिलांनी चाळीस पानांची पॉलिसी पाठवली. आयटीवाला अठरा लाखांचं संमतीचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. कोणता डेटा ठेवता, असा फॉर्म शाखांना पाठवला, तर चौघांनीच भरला आणि चौघांनीही लिहिलं, 'नाव, मोबाइल'. जुन्या ग्राहकांचे चार लाखांच्या वर नंबर पडून आहेत. त्यांचं काय करू? सुरुवात कुठून करू? आणि शाखांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद करावं लागेल का?
(एक वाचक, नवी पेठ, सोलापूर)

उत्तर:

आधी सॉफ्टवेअरची ऑर्डर थांबवा. ते वाईट असेल म्हणून नाही. कोणत्या कामासाठी कोणाची संमती घ्यायची, हे अजून तुमच्याकडे कुणी ठरवलेलंच नाही, आणि ते ठरल्याशिवाय सॉफ्टवेअर काय नोंदवणार? आणखी एक घोळ इथेच मिटवून टाका. कायद्यात 'कन्सेंट मॅनेजर' म्हणून ज्याचा उल्लेख आहे, ती डेटा संरक्षण मंडळाकडे नोंदणी झालेली, किमान २ कोटी रुपये नक्त मालमत्ता असलेली स्वतंत्र कंपनी असते. विक्रेते याच नावानं साधं सॉफ्टवेअर खपवतात. दोन्हींपैकी काहीही विकत घेणं तुम्हाला सक्तीचं नाही. तसंच डेटा संरक्षण अधिकारी नेमणं, दरवर्षी स्वतंत्र ऑडिट करून घेणं हे सरकारनं 'महत्त्वपूर्ण' म्हणून अधिसूचित केलेल्या कंपन्यांना लागू आहे. तुम्हाला लागेल ती प्रश्नांना उत्तर देऊ शकणारी एक व्यक्ती आणि वेबसाइटवर तिचा संपर्क. सध्या ती व्यक्ती तुम्हीच दिसता.

तारखांचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि व्यवसायांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. मालकांना हे कॅलेंडर दाखवा आणि त्याच्याच शेजारी दुकानाचं कॅलेंडर ठेवा. दसरा-दिवाळी, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि संक्रांत, एप्रिल-मेची लग्नसराई, जूनमधले शाळेचे गणवेश, या काळात बिलिंगला हात लावायचा नाही. काऊंटरवरचे बदल फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा आषाढात करायचे. पंढरपूरचं दुकान मात्र आषाढात धरू नका, तिथं वारीची गर्दी असते. दिवाळीच्या आत 'उरकणं' म्हणजे ऐन गर्दीत कॅशिअरच्या हातात नवी स्क्रीन देणं. तो काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको.

काम कुठून सुरू करायचं? काऊंटरवरून. फॉर्मवर 'नाव, मोबाइल' एवढंच आलं याचं नवल नाही. 'कोणता डेटा ठेवता' या प्रश्नाला माणूस बिलाच्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच सांगतो. त्याऐवजी एका शनिवारी संध्याकाळी एका शाखेत उभ्या राहा आणि वेगळे प्रश्न विचारा. गेल्या आठवड्यात एक्सेलची फाइल कुणाला पाठवलीत? ग्राहकाचा पत्ता शेवटचा कुठं लिहून घेतलात? साडी आवडली पण पैसे नंतर, असं झालं तर आठवण कशी ठेवता? नोकरीसाठी आलेल्या पोरांचे कागद कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत? मग भराभर बाहेर पडतं. व्यवस्थापकाच्या स्वतःच्या फोनवरचे साड्यांचे फोटो आणि घरपोच पत्ते, ब्लाउजच्या मापांची वही, आल्टरेशनच्या चिठ्ठ्या, गेल्या दिवाळीच्या लकी ड्रॉची कुपनं आणि त्यावरून कुणीतरी टाइप केलेली यादी, कुरिअरच्या पोर्टलचा सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड, परतावा देताना कार्डाचा अख्खा नंबर उतरवलेलं रजिस्टर. (हे शेवटचं दिसलं तर त्याच दिवशी बंद करा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव पुरतं.)

निव्वळ कागदावर राहिलेल्या वहीला हा कायदा लागू नाही. ती वही कुणी एक्सेलमध्ये उतरवली किंवा फोटो काढून ग्रुपवर टाकला, की लागू. लकी ड्रॉची कुपनं नेमकी याच रस्त्यानं कायद्याच्या कक्षेत येतात.

जे सापडेल ते एका साध्या एक्सेलमध्ये लिहा. एका कामाला एक ओळ, एका फाइलला एक ओळ नव्हे. नमुन्याला बस्त्याची ओळ घ्या. काय घेतो: वधू-वरांची नावं, लग्नाची तारीख, घरच्या दोन माणसांचे मोबाइल, गाव. कशासाठी: वेळ ठरवणं, साड्या बाजूला काढून ठेवणं, उरलेल्या रकमेची आठवण. कुठं असतं: बस्त्याची डायरी, बिलिंग सॉफ्टवेअर, शाखेचं व्हॉट्सअ‍ॅप. कोण बघतं: व्यवस्थापक, दोन सेल्समन, कॅशिअर. बाहेर कुणाला जातं: फॉल-पिकोवाल्याला नाव आणि नंबर. किती दिवस हवं: बाकी चुकती होईपर्यंत आणि बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत. त्यानंतर काय: नावं आणि नंबर काढायचे, बिल राहू द्यायचं. मालकी कुणाची: दुकानांचे प्रमुख. अशा चाळीस-पन्नास ओळींत तुमची अख्खी कंपनी बसायला हवी. दोनशे झाल्या तर तुम्ही फाइली मोजताय, असं समजा.

यातला शेवटचा रकाना, मालकीचा, सर्वांत महत्त्वाचा. तिथं 'आयटी' असं लिहू देऊ नका. आयटीवाला डेटा सांभाळतो. तो कशाला हवा आणि कधी नको, हे त्याला ठरवता येत नाही. ग्राहकांच्या याद्या मार्केटिंगच्या, बस्ता आणि मापं दुकानांच्या प्रमुखांची, कर्मचाऱ्यांचे कागद एचआरचे, बिलं हिशेब विभागाची. असे प्रकल्प तंत्रज्ञानापाशी क्वचितच अडतात. 'हे आता मला नको' असं म्हणायला कुणी तयार नसतं, तिथं ते अडतात. म्हणून दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक ठेवा, प्रत्येक ओळीची मालकी असलेल्या विभागाकडून 'किती दिवस हवं' याचं उत्तर घ्या आणि निर्णयाच्या वहीत तारखेसह लिहा. दोन विभागांचं जमलं नाही, तर आठवड्याच्या आत शेठनी निकाल द्यायचा. हे एवढं त्यांच्याकडून सुरुवातीलाच कबूल करून घ्या. बाकी त्यांनी बैठकीला बसायची गरज नाही.

पहिलं भांडण कुठं होणार हेही सांगून ठेवतो. तुम्ही जुने नंबर काढायचं म्हणाल आणि हिशेब विभाग म्हणेल, जीएसटीसाठी ठेवावे लागतात. अर्धं खरं आहे. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. पण तिथं लागतं ते बिल. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं नाव आणि पत्ता बिलावर सक्तीचा होतो तो ५० हजार रुपये किंवा त्यावरच्या मालाला. बाराशेच्या कुर्त्याच्या बिलाला मोबाइल नंबर कुणी मागितलेला नाही. तेव्हा बिल ठेवा, नंबर काढा. हे एक वाक्य हिशेब विभागाच्या प्रमुखांना पटलं, की निम्मा प्रकल्प पार पडला.

आता काऊंटर. इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण कायदा मोडला जातो तो इथंच, दिवसातून शेकडो वेळा.

तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलचा रकाना भरल्याशिवाय बिल पुढं जातं का, हे तपासा. जात नसेल तर तो रकाना ऐच्छिक करून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. नंबर दिल्याशिवाय बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवलेलं आहे. शिवाय सक्तीच्या रकान्यामुळं डेटाही नासतो. ग्राहक नंबर देत नाही, मागं रांग असते, मग कॅशिअर दहा वेळा नऊ दाबतो किंवा स्वतःचा नंबर टाकतो. ग्राहकांच्या यादीत 'सर्वाधिक खरेदी' कुणाची हे काढून बघा. वर हमखास एखादा कॅशिअर सापडतो. दुसऱ्याच कुणाचा नंबर पडला, तर एकाच्या खरेदीचा मेसेज भलत्याच घरी जातो, आणि तोही डेटाचा भंगच.

बिलाचा मेसेज आणि जाहिरातीचा मेसेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकानं आपणहून नंबर दिला आणि पावती मोबाइलवर मागितली, तर तेवढ्यापुरता तो वापरायला वेगळी संमती लागत नाही. कायद्याच्या कलम ७ मध्ये औषधाच्या दुकानाचं नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे. पण त्याच नंबरावर 'पाडवा धमाका' पाठवायचा असेल तर कलम ६ ची संमती हवी: कुठल्याही दबावाशिवाय, त्या विशिष्ट कामासाठी, समजून-उमजून, आणि ग्राहकानं स्वतः काहीतरी कृती करून दिलेली. आधीच खूण केलेला चौकोन चालत नाही. नंबर दिला म्हणजेच सगळ्याला होकार, हेही चालत नाही.

कॅशिअरला भाषण देऊ नका, वाक्य द्या. "ताई, बिल कागदावर देऊ की मोबाइलवर पाठवू?" एवढंच. ग्राहकाला खरेदीवरचे बक्षीस पॉइंट हवे असतील तर दुसरं वाक्य: "पॉइंटसाठी नाव आणि नंबर लागेल. ऑफरचे मेसेज हवेत का? नको म्हटलं तरी पॉइंट मिळतील." हे शेवटचं मार्केटिंगला झोंबेल. पण पॉइंट द्यायला ऑफरचे मेसेज लागत नाहीत, आणि कामाला न लागणारी अट घालून घेतलेली संमती टिकत नाही. पॉइंटच्या नोंदणीला नंबर खरा आहे का ते पाहायला ओटीपी मागायचा मोह होईल. तो टाळलेला बरा. 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे लोकांच्या आता कुठं अंगवळणी पडतंय. त्यापेक्षा मेसेजमध्ये लिंक पाठवा. ग्राहक ती आपल्या सवडीनं, त्याच्या भाषेत वाचेल आणि स्वतः होकार देईल. होकार आला नाही, तर नाही.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळून चालणार नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. तुमच्या गिऱ्हाइकाला मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी प्रत्यक्षात लागते. पूर्व भागातल्या दुकानात तेलुगूचा आणि कलबुर्गीत कन्नडचा फलक काऊंटरवर समोर दिसेल असा लावा. बाकी भाषा क्यूआर कोडच्या पानावर ठेवा. भाषांतर यंत्राकडून करून घ्या हवं तर, पण छापण्याआधी ती भाषा घरी बोलणाऱ्या दुकानातल्याच माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तुमच्या सेल्समनमध्येच असे लोक असणार. सूचनेत चार गोष्टी हव्यात: कोणती माहिती घेतो, नेमकी कशासाठी, संमती मागं कशी घ्यायची, आणि तक्रार आमच्याकडे व मंडळाकडे कशी करायची. वकिलांची चाळीस पानं वेबसाइटवर राहू द्या. काऊंटरवरची सूचना पोस्टकार्डावर मावली पाहिजे.

संमती घेतल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे, ग्राहकावर नाही. म्हणून प्रत्येक होकारासोबत तारीख-वेळ, शाखा, कशासाठी, कोणत्या भाषेतली आणि सूचनेची कितवी आवृत्ती, एवढं साठवा. आवृत्तीचा आकडा लोक विसरतात. मग दोन वर्षांनी मजकूर तीनदा बदललेला असतो आणि या ग्राहकानं नक्की कशाला होकार दिला होता, ते कुणालाच सांगता येत नाही. आणि ज्या सहजतेनं होकार घेतला तितक्याच सहजतेनं तो मागं घेता आला पाहिजे. होकार लिंकवर आणि नकारासाठी 'मुख्य कार्यालयात लेखी अर्ज करा' असं चालणार नाही.

आणखी एक गोष्ट, कुणी सांगणार नाही म्हणून इथं लिहितो. शाखांना 'किती नवे नंबर गोळा केले' यावर इन्सेन्टिव्ह आहे का, ते बघा. असेल तर आधी ते बदला. पगार नंबरांवर ठरत असेल, तर तुमचा फलक, तुमचं वाक्य आणि तुमचं प्रशिक्षण पहिल्याच महिनाअखेरीला गुंडाळलं जाईल. इन्सेन्टिव्ह द्यायचाच तर पुन्हा खरेदीला आलेल्या पॉइंटधारकांवर द्या.

हे सगळं आधी एका शाखेत दोन आठवडे चालवा. जुळे सोलापूरसारख्या, फार गर्दी नसलेल्या भागातली शाखा निवडा. रोज चार आकडे लिहा: नंबराशिवाय किती बिलं झाली, एका बिलाला सरासरी किती वेळ लागला, नऊ-नऊछाप खोटे नंबर किती, होकार किती. खोटे नंबर शून्यावर आले नाहीत, तर रकाना कुठंतरी अजून सक्तीचा आहे किंवा इन्सेन्टिव्ह अजून जिवंत आहे. मग तीन शाखा, मग उरलेल्या.

चार लाख जुन्या नंबरांकडे वळू. कायदा लागू होण्याआधी ग्राहकानं खरोखर संमती दिलेली असेल, तर ती रद्द होत नाही. तुम्ही शक्य तितक्या लवकर त्याला नवी सूचना पाठवायची आणि त्यानं संमती मागं घेईपर्यंत वापर सुरू ठेवता येतो. पण 'दिलेली असेल तर' यावर सगळं आहे. म्हणून आधी तीन ढीग करा. पहिला, ज्यांनी पॉइंटचा फॉर्म भरला आणि त्या फॉर्मवर मेसेजचा उल्लेख होता. फॉर्मचा जुना नमुना शोधून काढा, तोच तुमचा पुरावा. यांना सूचना पाठवा. दुसरा, ज्यांनी फक्त बिलासाठी नंबर दिला. यांची जाहिरातीसाठी संमती कधी नव्हतीच, त्यांना ऑफर पाठवणं बंद. तिसरा, कुठून आले ते माहीत नसलेले: लकी ड्रॉ, प्रदर्शनातली वही, कुणीतरी दिलेली यादी. हे वापरातून काढून टाका. मार्केटिंग हळहळेल. हळहळू द्या.

ढीग करण्याआधी दुहेरी नोंदी, दहापेक्षा कमी-जास्त आकडे आणि खोटे नंबर गाळा. यादी बरीच आटते. मग तीन वर्षांत एकदाही खरेदी न केलेले बाजूला काढा. नियमांत तीन वर्षांची मुदत आहे ती २ कोटींहून कमी नसतील इतके नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना. तुम्हाला ती बंधनकारक नाही, पण स्वतःसाठी माप म्हणून सोयीची आहे. उलट बाजूनंही एक खाच आहे. प्रक्रिया केलेला डेटा आणि त्याचे लॉग (कुणी कधी काय केलं याच्या संगणकातल्या नोंदी) किमान एक वर्ष ठेवायला नियमच सांगतात. तेव्हा निर्णयाच्या वहीत कुठंही 'ताबडतोब पुसणे' असं लिहू नका. वापर ताबडतोब थांबवायचा, पुसायचं वर्षानंतर.

पुसताना घात होतो तो दोन ठिकाणी. पहिलं, बिलिंग सॉफ्टवेअरमधून ग्राहकाची नोंदच उडवली तर तिला जोडलेली बिलं अनाथ होतात आणि जुने अहवाल जुळेनासे होतात. म्हणून नोंद ठेवून नावाच्या जागी 'ग्राहक' आणि नंबरच्या जागी रिकामं, असं करून घ्या. आधी डेटाबेसच्या प्रतीवर, मग एका शाखेवर. गेल्या वर्षाचा विक्रीचा आणि जीएसटीचा अहवाल आधी आणि नंतर काढा. एक रुपयाचाही फरक पडता कामा नये. दुसरं ठिकाण बॅकअप. सर्व्हर बिघडतो, महिन्यापूर्वीचा बॅकअप चढवला जातो, आणि नको म्हणालेले सगळे ग्राहक पुन्हा यादीत येऊन बसतात. पुढचा मेसेज त्यांनाही जातो आणि संतापलेला फोन तुम्हाला येतो. उपाय सोपा आहे: नकार दिलेल्यांची वेगळी यादी ठेवा, नंबर उघडे न ठेवता हॅश करून (मूळ नंबर वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात), आणि बॅकअप चढवल्यावर ती यादी पहिल्यांदा लावायची असा नियम करा. एसएमएसच्या पॅनेलवर पडलेल्या जुन्या एक्सेल फाइलीही विसरू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा नमुना) नोंदवलेलं असलं, तरी त्यानं या कायद्यातली संमती मिळत नाही.

बाहेरच्या पुरवठादारांशी करार हवा, आणि त्यांच्या चुकीला ग्राहकापुढं तुम्हीच जबाबदार राहता. नंबर ज्यांच्याकडे जातात त्यांच्यापासून सुरू करा: बिलिंग सॉफ्टवेअर, एसएमएस, वेबसाइट, कुरिअर. करारात असावं: आमच्या सांगण्याबाहेर वापर नाही, आम्हाला न विचारता पुढं कुणाला देणं नाही, लॉग एक वर्ष, काम संपल्यावर परत करून पुसणं, आणि काही गडबड झाली तर चोवीस तासांत नव्हे, कळल्याबरोबर आम्हाला फोन. गावातल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्याला कराराचा मसुदा पाठवून बसू नका, तो सही करून मोकळा होईल. त्याचा दूरस्थ मदतीचा पासवर्ड बघा. बहुतेक अकराही दुकानांत तोच असतो, आणि त्याच्याकडचा सोडून गेलेला मुलगाही तो जाणतो. प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन, आणि जोडणी फक्त दुकानातून कुणी मागितल्यावर चालू. सुरक्षेत कसूर झाली तर कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमच्या बाबतीत एवढा होईल असं नाही, मंडळ चुकीचं गांभीर्य बघून ठरवतं, पण मालकांना खर्च मंजूर करायला हा आकडा उपयोगी पडतो.

डेटा फुटला तर बाधित ग्राहकांना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि कळल्यापासून ७२ तासांत मंडळाला तपशीलवार माहिती द्यायची. सायबर घटना असेल तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, ६ तासांत, हा आदेश एप्रिल २०२२ मध्येच निघालेला आहे. किती नंबर फुटले याला खालची मर्यादा नाही. व्यवस्थापकाचा फोन एसटीत हरवला, चुकीच्या माणसाला एक्सेल गेलं, व्हायरसनं बिलिंगच्या फाइली कुलूपबंद केल्या, हे सगळं त्यात बसतं. शेवटच्या प्रकारात डेटा बाहेर गेला नसला, तरी तो हाती राहिला नाही हाही भंगच. शाखांना दोनच सूचना द्या: तासाच्या आत मला फोन करा, आणि संगणक फॉरमॅट करू नका. घाबरून फॉरमॅट मारला की काय झालं ते सांगणारे लॉगही जातात. एखाद्या सुस्त मंगळवारी याची तालीम घ्या. फोन कुणी उचलला नाही, हे तिथंच कळेल.

गणवेशाच्या हंगामाकडे खास लक्ष द्या. अठराखालच्या मुलांच्या डेटाला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांचा माग ठेवणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणं याला बंदी आहे. नाव, शाळा, इयत्ता, जन्मतारीख असली मुलांची यादी साठवूच नका. बिल पालकाच्या नावानं, आणि मुलांच्या वाढदिवसाची सवलत बंद. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नोकरीच्या कामापुरता डेटा वापरायला वेगळी संमती लागत नाही, पण न निवडलेल्या उमेदवारांच्या आधारच्या प्रती ड्रॉवरमध्ये ठेवायला तेवढं कारण पुरत नाही.

ग्राहकांच्या तक्रारींना नियमांनी जास्तीत जास्त नव्वद दिवस दिलेत. तक्रार असो की माहिती पाहायचा-पुसायचा अर्ज, तुम्ही आतल्या आत सात ठरवा. अर्ज करणारा तोच आहे का हे पाहायला आधारची प्रत मागू नका. नाहीतर एक नंबर पुसायला तुम्ही त्याहून नाजूक कागद गोळा कराल. नोंदलेल्या नंबरवर लिंक पाठवा आणि तिथून होकार घ्या. 'बायकोनं काय काय घेतलं ते सांगा' म्हणून नवरा काऊंटरवर आला, तर बायकोच्या फोनवरून होकार आल्याशिवाय काही सांगायचं नाही. असे नवरे येतात.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करू नका. बस्त्याचं अर्धं काम त्यावर चालतं, आणि बंद केलं तर तेच काम व्यवस्थापकाच्या खासगी नंबरवर गुपचूप सुरू राहील, तेव्हा तुम्हाला दिसणारही नाही. प्रत्येक शाखेला कंपनीच्या नावाचं सिम आणि एक साधा फोन द्या, त्यावर व्यवसायाचं खातं, दोन टप्प्यांची पडताळणी, स्क्रीनला पासकोड. फोन काऊंटरच्या ड्रॉवरमध्ये राहील, घरी जाणार नाही. ग्राहकांचे ग्रुप करू नका, ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ब्रॉडकास्ट यादी वापरा, तीही ऑफरला होकार दिलेल्यांचीच. घरपोचचे पत्ते बिलिंगमध्ये टाकून झाले, की महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्यातली पूर्ण झालेली संभाषणं काढायची. ज्याची थकबाकी आहे किंवा ज्यावर तक्रार चालू आहे, ते ठेवायचं. संभाषण काढून फोटो गॅलरीत राहत असतील, तर तेही बघा. जुन्या व्यवस्थापकांच्या खासगी फोनवर आज जे पडलंय, ते नव्या फोनवर हलवून तिथून पुसल्याचं व्यवस्थापकाकडून सहीनं लिहून घ्या, आणि हे नव्या सिमच्या पहिल्याच आठवड्यात करा. दिवाळीनंतर नोकरी बदलणारे बरेच असतात, तेव्हा ते फोन परत तुमच्या हाती लागत नाहीत.